"फक्त ये, बाकी आल्यावर सांगतो"

ग्रॅज्युएशन होऊन वर्ष-दोन वर्षं झालीयत आणि पारावरून जाताना "काय करी ऱ्हायना सध्या?" या प्रश्नाला धड उत्तर नाही, अशा खान्देशातल्या पोरांसाठी हे लिहितोय. नोकरीच्या नावाने बोलावून माणसं जोडायच्या साखळीत पैसे अडकवणारे लोक तुम्हालाच शोधत असतात, आणि शोधतात तेही कापूस विकला गेल्यावर. दिवाळीनंतर खेडा खरेदीवाले गावात फिरायला लागले की घरात थोडा पैसा येतो. नेमके तेव्हाच नाशिक-पुण्याकडून फोन सुरू होतात. कुणाच्या घरी कधी पैसा येतो हे हिशेबात धरूनच यादीतली नावं काढतात, हे मला आत गेल्यावर कळलं.

फोन अनोळखी माणसाचा नसतो. ओटीपी मागणाऱ्याला आपण आता ओळखतो. मला फोन आला तो सख्ख्या मावसभावाचा, शिरपूरकडच्या. "कंपनीत स्टोअरला जागा निघालीय, अठरा हजार पगार, राहणं-जेवण कंपनीचं, सायबाशी बोलून ठेवलंय. फक्त ये, बाकी आल्यावर सांगतो." कंपनीचं नाव विचारलं तर, "ये ना भो, मी शे ना आठे." म्हणजे, मी आहे ना इथे. वडिलांनी, आप्पांनी एकच विचारलं, मावशीचा पोरगा तिथे आहे ना? आहे म्हटल्यावर चौकशी संपली. अमळनेरहून धुळे, धुळ्याहून नाशिक.

शहराबाहेर एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत खोल्या होत्या. एकेका खोलीत दहा-बारा पोरं, सगळ्यांचे शर्ट खोचलेले, गळ्यात टाय आणि पायात रबरी स्लीपर. ज्याच्यासोबत मी लहानपणी तापीत पोहलो तो मावसभाऊ मला सगळ्यांसमोर "सर" म्हणाला. स्टोअर कुठे आहे विचारलं तर, "आधी ट्रेनिंग." बाथरूमपर्यंत सोबत कुणीतरी असायचंच. काळजी म्हणून, असं सांगायचे.

ट्रेनिंग म्हणजे सकाळपासून सेमिनार. त्यातलं एकच सांगतो, कारण खरा सापळा तिथेच आहे. स्टेजवरचा पोरगा आमच्याच वयाचा. विचारतो, "तुमच्या बापानं आयुष्यभर कापूस पिकवला, काय कमावलं? बोंडअळीनं खाल्लं, उरलं ते व्यापाऱ्यानं." टाळ्या. "नोकरी म्हणजे गुलामी. आठ तास दुसऱ्यासाठी राबणारा कधी मोठा होतो का?" पुन्हा टाळ्या. सोयरीक बघायला आलेले पाहुणे "पोऱ्या काय करस?" विचारतात तेव्हा घरात कशी शांतता पसरते, याची तो हुबेहूब नक्कल करायचा. समोरची निम्मी पोरं खाली मान घालून बसायची. गंमत बघा, नोकरीच्या नावाने बोलावलेल्या पोरांनाच नोकरी कशी वाईट ते ऐकवायचं, आणि कुणी उठून विचारत नाही की मग बोलावलं कशाला. आपल्याकडे घरच्या शेतीचं काम म्हणजे "काहीच करत नाही" असं आपण स्वतःच धरून चाललोय. त्यांना नवीन काही शिकवावंच लागत नाही.

मग पैशांची गोष्ट निघाली. चोवीस हजार पाचशे. घरी काय सांगायचं तेही ठरलेलं: "कंपनीत डिपॉझिट आहे, पगारातून परत मिळेल." फोन स्पीकरवर आणि शेजारी सिनिअर बसलेला. आप्पांनी दुसऱ्याच दिवशी पाठवले. बदल्यात मला सूटचं कापड, एक घड्याळ आणि पक्कं बिल मिळालं. सही केलेला फॉर्म इंग्रजीत होता. त्यात लिहिलेलं की मी स्वतंत्र विक्रेता आहे आणि कंपनीने मला नोकरीचं कोणतंही आश्वासन दिलेलं नाही. पुढे पोलीस स्टेशनला गेल्यावर आडवा येतो तो हाच कागद. पैसे दिले, माल घेतला, सही केली, मग फसवणूक कुठे?

काम काय, तर आपल्याखाली लेफ्टला एक माणूस जोडायचा, राइटला एक जोडायचा. त्या दोघांनी आणखी दोन-दोन. वहीवर स्वतः करून बघा. एकाचे दोन, दोनाचे चार असं दुप्पट करत गेलं की बाविसाव्या पायरीला ४१ लाख ९४ हजार ३०४ माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांच्या आसपास होती, पाळण्यातली पोरं धरून. म्हणजे शेवटी जे जोडले जातात त्यांचे पैसे बुडणारच, कुणी कितीही मेहनत केली तरी. आणि मेहनत करत नाहीस म्हणून तुझे पैसे निघत नाहीत, हे मात्र रोज ऐकवायचे.

मला शंभर नावांची यादी करायला लावली. मामा, आतेभाऊ, वर्गमित्र, प्रत्येकापुढे रकाने: शेती किती, घरात नोकरी कुणाला, नड काय. पारोळ्याच्या एका मित्राला फोन लावायला दिला तेव्हा शेजारचा सिनिअर यवतमाळकडचा होता, आपली खान्देशी अहिराणी त्याला येत नव्हती. मी अहिराणीत सुरू झालो. "आठे येऊ नको भो, आठे नोकरी-बिकरी काही नही, पैसा लुटतस." वर हसत-हसत बोललो. सिनिअरने मान डोलावली. त्याच मित्राने आप्पांना कळवलं आणि आप्पा दोन माणसं घेऊन थेट खोलीवर आले. आरडाओरड झाली, पण अडवलं कुणी नाही. बाहेरची माणसं दारात आली की यांचा आवाज बसतो.

पैशांचं म्हणाल तर लेखी तक्रार करा, तोंडी नको. १९७८ च्या प्राइज चिट्स आणि मनी सर्क्युलेशन स्कीम्स बंदी कायद्याने अशा साखळ्या गुन्हा आहेत, आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केलीय. माझ्या अर्जात हे दोन्ही घातलं, सोबत मावसभावाचे "स्टोअरला जागा" वाले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जोडले. मेसेज पुसू नका, इंग्रजी फॉर्मला उत्तर तेच आहे. मग कंपनीचा माणूस तडजोडीला आला. निम्मे मिळाले, निम्मे गेले. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पैसे ऑनलाइन पाठवले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच कळवा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

आई आणि मावशी अजून बोलत नाहीत. मावसभाऊ तिथेच आहे. माझा त्याच्यावर राग आहे, पण त्याच्याही घरचे पैसे अडकलेत आणि माझ्या जागी दुसरा कुणी आणल्याशिवाय ते सुटत नाहीत, एवढं मला दिसतं.

मी आता जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये आवक-जावक लिहितो. पगार अठरा हजार नाही. पण कामावर लागताना माझ्याकडून आधार, बँक पासबुक आणि फोटो घेतले, रुपया घेतला नाही, आणि पीएफ नंबर मिळाला. भुसावळच्या रेल्वेतली अप्रेंटिसशिप असो की वरणगावच्या आयुध निर्माणीतली, जाहिरात उघड निघते, अर्ज स्वतःच्या नावाने करता येतो. राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नोंदणी फुकट आहे, रोजगार मेळाव्यांची माहितीही तिथेच मिळते.

आणि नात्यातल्या कुणाचा फोन आलाच, तर भांडू नका. कंपनीच्या गेटसमोर उभा राहून, बोर्ड दिसेल असा व्हिडिओ कॉल कर म्हणा, मग मी गाडी पकडतो म्हणा. आमच्या शेजारच्या पोराने परवा हेच सांगितलं. समोरचा "नेटवर्क नाही" म्हणाला, आणि नंतर त्याचा फोन आला नाही.