शाळेच्या बसचे मार्ग: सॉफ्टवेअरने आखावेत की बसकाकांसोबत बसून?

जूनच्या आत बसची नोंदणी कशी घ्यायची, हे अनेक शाळांच्या परिवहन समित्या आता ठरवत असतील. पालक प्रतिनिधी म्हणून मी दोन्ही पद्धती पाहिल्या. आमच्या सिंहगड रोड भागात आधी ॲपवर नोंदणी आणि सॉफ्टवेअरने आखलेले मार्ग होते. पुढे काका-मावशींना घेऊन, नकाशा पसरून थांबे ठरवले.

नोंदणीपुरतं ॲप सरस, यात वाद नाही. मार्गांच्या बाबतीतही संगणकाला कमी लेखू नये. बोस्टनमध्ये २०१७ साली एमआयटीच्या संशोधकांच्या प्रणालीने सुमारे ६५० बसचे मार्ग अर्ध्या तासात आखले आणि जवळपास ५० बस कमी झाल्या. एवढा पसारा माणसाच्या हाताने आवरणं कठीणच.

मला खटकली ती रस्त्याची बाजू. सकाळी बस सोसायटीच्या दाराशी येते. दुपारी ती पलीकडच्या कडेने परतते आणि वळसा वाचतो म्हणून सॉफ्टवेअर मुलांना तिथेच उतरवतं. अमेरिकेत दुभाजक नसलेल्या रस्त्यावर शाळेची बस लाल दिवे लावून थांबली, की दोन्हीकडची वाहनं थांबतात. कायदाच तसा आहे. आपल्याकडे साधी दुचाकी थांबत नाही. मग मावशी पहिली-दुसरीतल्या पोरांना हाताला धरून रस्ता ओलांडून देतात आणि तेवढा वेळ बसमधली बाकीची मुलं त्यांच्याविना बसून राहतात. नकाशावर वाचलेला वेळ इथेच खर्ची पडतो. थांब्याची बाजू सॉफ्टवेअरमध्ये नोंदवता येते, पण आम्हाला ती प्रत्येक थांब्याला हाताने भरावी लागत होती. तेवढंच करायचं, तर थेट काकांनाच विचारलेलं काय वाईट? बस कुठे वळते, कोणत्या सोसायटीचं मागचं गेट दुपारी बंद असतं, पावसात कुठे पाणी साचतं, हे त्यांना न बघता सांगता येतं.

तुमच्याकडे बस खूप असतील, तर कदाचित उत्तर वेगळं येईल. पाच-दहा बसच्या शाळेने मात्र नोंदणी ॲपवर घ्यावी आणि थांबे काका-मावशींसोबत बसून ठरवावेत, असं मला वाटतं. नाहीतरी राज्याच्या २०११च्या स्कूल बस नियमांनुसार थांबे ठरवणं हे समितीचंच काम आहे. मेअखेरीस रिकामी बस एकदा दुपारच्या वेळी, परतीच्या दिशेने फिरवून घ्या. सकाळच्या फेरीत ही अडचण दिसतच नाही.