भुरभुरायचा की फोडणीतून द्यायचा? वेफर्स आणि फरसाणाला एकसारखा मसाला लावण्याच्या पद्धतींची तुलना

आपल्या घरात मसाला लावण्याच्या दोन रीती पूर्वापार आहेत. चिवड्याला तिखट, हळद आणि मीठ फोडणीच्या तेलातून मिळते, तर बटाट्याच्या वेफर्सवर तिखट-मीठ तळण गरम असतानाच वरून भुरभुरले जाते. कारखान्यातील यंत्रे कितीही मोठी असली तरी मूळ निवड याच दोन रीतींमधली असते. तासाला 50 ते 500 किलो माल काढणाऱ्या आणि हाताने मसाला लावण्याच्या पुढे जाऊ पाहणाऱ्या उत्पादकाला नजरेसमोर ठेवून ही तुलना केली आहे. माझे मत आरंभीच नोंदवतो: असे उत्पादक माल घुसळून मसाला लावणाऱ्या फिरत्या ड्रमच्या आकारावर आणि स्टीलच्या जाडीवर फार विचार करतात, आणि मसाला मोजून सोडणाऱ्या फीडरवर फार थोडा.

आधी आकड्यांकडे पाहू. तयार मालात 8 टक्के मसाला ठेवायचा आणि तासाला 300 किलो माल काढायचा, तर तासाला 24 किलो, म्हणजे मिनिटाला 400 ग्रॅम भुकटी सलग पडत राहिली पाहिजे. 30 ग्रॅमच्या पाकिटाच्या वाट्याला त्यातील 2.4 ग्रॅम येते. दिवसाअखेर मसाल्याचे पोते बरोबर 8 टक्क्यांनीच रिकामे झाले, तरी एका पाकिटात दीड ग्रॅम आणि दुसऱ्यात सव्वातीन ग्रॅम मसाला गेलेला असू शकतो. सरासरी बरोबर असणे म्हणजे एकसारखेपणा नव्हे. पाकिटे फिकी निघाल्याची तक्रार आली की सहसा सगळाच मसाला वाढवला जातो. हा उपाय महाग पडतो, कारण दोन पाळ्यांत 4,800 किलो माल निघत असेल तर एक टक्का वाढ म्हणजे रोजची 48 किलो भुकटी होते. शिवाय 2020च्या लेबलिंग नियमांनुसार पाकिटावर सोडियमचे प्रमाण छापावे लागते, आणि मीठच कमी-जास्त पडत असेल तर तो छापलेला आकडा पाकिटातील मालाशी जुळत नाही.

पहिली तुलना घाण्याघाण्याने मसाला लावणारा अष्टकोनी ड्रम आणि सलग चालणारा लांब ड्रम यांची. अष्टकोनी ड्रममध्ये एक घाणा टाकायचा, मसाला वजन करून घालायचा, दोन-तीन मिनिटे फिरवून ओतायचा. किंमत कमी, धुणे सोपे, आणि दिवसातून चार चवी बदलायच्या असतील तर याच्यासारखे सोयीचे दुसरे काही नाही. घाण्याचे आणि मसाल्याचे वजन प्रत्येक वेळी काट्यावर होत असल्यामुळे एका घाण्यापासून दुसऱ्या घाण्यापर्यंतचे प्रमाणही चांगले राखता येते. फरक पडतो तो घाण्याच्या आत. मसाला एकदम एका जागी ओतला, तर जवळचे तुकडे लाल होतात आणि लांबचे पांढरे राहतात. ते सारखे करण्यासाठी ड्रम जास्त वेळ फिरवला, तर वेफर्स मोडतात आणि बारीक शेवेचा चुरा होतो. मक्याचे पफ, शेंगदाणे किंवा डाळ ही घुसळण सोसतात, पातळ वेफर ती सोसत नाही. ड्रम फिरत असताना मसाला चाळणीतून तीन-चार हप्त्यांत सोडला तर हा दोष बराच कमी होतो, मात्र काम करणारा माणूस रोज तेवढाच धीर धरील याची खात्री धरता येत नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. तळण कढईतून नुकतेच निघालेले असताना त्याच्या पृष्ठभागावर तेलाचा थर असतो आणि त्यालाच भुकटी धरते. माल निवू लागला की आतील वाफ विरते आणि ते तेल आत ओढले जाते. क्रेटमध्ये थांबलेल्या घाण्याला म्हणूनच मसाला कमी चिकटतो आणि पाकिटाच्या तळाशी जास्त सापडतो. उलट, वाफ निघत असतानाच मसाला टाकला तर त्याच्या गुठळ्या होतात आणि सुगंधही उडतो. सलग ड्रम या बाबतीत सरस ठरतो, कारण फ्रायरमधून बाहेर पडल्यापासून मसाला लागेपर्यंतचा काळ प्रत्येक वेफरसाठी जवळपास तोच राहतो.

सलग ड्रमची अट एकच, पण ती कडक आहे: त्यात माल अखंड आणि सारख्या ओघाने आला पाहिजे. कढईत घाण्याघाण्याने तळून तो माल सलग ड्रममध्ये ओतला, तर ढीग येतो तेव्हा मसाला पुरत नाही आणि खंड पडतो तेव्हा मसाला रिकाम्या भिंतीवर पडून चिकटतो. ज्यांचा फ्रायर सलग नाही, त्यांनी मध्ये साठवणीचा हॉपर आणि कंपन पावणारा ट्रे बसवल्याशिवाय सलग ड्रम घेऊ नये. ड्रमचा उतार आणि वेग यांवर माल आत किती वेळ राहील हे ठरते. वेग कमी असेल तर माल लादीसारखा नुसता घसरतो, जास्त असेल तर उंचावरून आपटून मोडतो. तो भिंतीसोबत थोडा वर चढून हळूच उलटत राहिला पाहिजे. भुकटीचा पडदा या उलटणाऱ्या थरावर, ड्रमच्या पहिल्या अर्ध्या लांबीत पडावा, म्हणजे उरलेली लांबी मिसळण्यासाठी मिळते.

आता खरा विषय, फीडर. स्क्रू फीडर बहुतेक भुकट्या ढकलतो, परंतु मंद गतीला प्रत्येक फेऱ्याबरोबर एक ठोका पडतो आणि मसाला पट्ट्यापट्ट्यांनी येतो. कंपन पावणारा ट्रे मीठ-तिखटासारखा मोकळा मसाला सुरेख पसरवतो. त्याचे टोक तिरके कापलेले असेल तर भुकटी एका बिंदूत न पडता ड्रमच्या लांबीवर पडद्यासारखी पडते. चीज, टोमॅटो किंवा आंबट चवीचा मसाला मात्र ट्रेवर गोळा होतो आणि हॉपरमध्ये पोकळी धरतो. म्हणून हॉपरमध्ये ढवळणी, खाली स्क्रू आणि शेवटी तिरका ट्रे अशी जोडणी मला सर्वांत भरवशाची वाटते. बजेट अपुरे असेल तर ड्रम साधा घ्यावा, पण हॉपरचे घटते वजन मोजून स्वतःचा वेग सुधारणारा फीडर घ्यावा. नुसत्या फेऱ्यांवर चालणारा फीडर आकारमान मोजतो, आणि त्याच भुकटीचे वजन हॉपर भरलेला की रिकामा, हवा कोरडी की दमट, यांवर बदलते. कोकणात आणि गोव्यात जुलै महिन्यात कांदा पावडर, सायट्रिक अॅसिड आणि माल्टोडेक्स्ट्रिन असलेले मसाले उघड्यावर काही तासांतच ओलसर होऊ लागतात. तेथे मसाल्याच्या खोलीत डिह्युमिडिफायर असणे हा यंत्राचाच भाग मानावा.

दुसरी तुलना कोरड्या मसाल्याची आणि तेलात कालवलेल्या मसाल्याची. तळलेल्या मालाला वरून तेल देण्याचे कारण नसते. तेथे कोरडी भुकटीच योग्य. एक्स्ट्रूडरमधून (पीठ दाबाने फुलवून बाहेर काढणाऱ्या यंत्रातून) निघालेला, भाजून वाळवलेला पफ मात्र तेलाशिवाय मसाला धरत नाही. त्याला फोडणीची रीत लागू पडते: कोमट तेलात मसाला कालवून तो ड्रममध्ये फवारायचा. धूळ उडत नाही, रंग सर्वत्र सारखा बसतो, पाकिटात भुकटी गळत नाही. त्याची किंमतही मोजावी लागते. ढवळणी थांबली की मीठ टाकीच्या तळाशी बसते, नोझल तुंबते, पाळीअखेर उरलेले मिश्रण दुसऱ्या दिवशी वापरले तर खवट वास पुढच्या मालात उतरतो, आणि चव बदलताना टाकी, पंप व नळ्या सगळे धुवावे लागते. शिवाय तेलात गुरफटलेले मीठ जिभेला उशिरा लागते. मधला मार्ग म्हणजे ड्रमच्या पहिल्या भागात तेलाचा फवारा आणि लगेच पुढे कोरडी भुकटी. पफ सच्छिद्र असल्यामुळे तेल पटकन शोषतो, तेव्हा या दोन्हींतील अंतर काही सेकंदांचेच ठेवावे.

केळी वेफर्स करणाऱ्यांकडे तिसरी रीत आहे: तळणाच्या शेवटी कढईत मीठ-हळदीचे पाणी सोडणे. साध्या खारट वेफर्ससाठी ती इतकी सारखी चव देते की तेवढ्यासाठी ड्रम घेण्याची गरज नाही. पाण्याने तेल लवकर खराब होते आणि ते उसळते, त्यामुळे कामगाराची सुरक्षा आधी पाहावी.

प्रत्येक पॅकिंग मशीनच्या डोक्यावर छोटा ड्रम बसवण्याची पद्धत, एकाच वेळी अनेक चवी पॅक करणाऱ्या मोठ्या कारखान्यांना शोभते. दुधासारखा, काहींना अॅलर्जी होणारा घटक असलेला मसाला माल वाहणाऱ्या सर्व पट्ट्यांवर पसरत नाही, हा तिचा मोठा गुण. पण जितकी मशीने तितके फीडर जुळवावे लागतात. विद्युतभाराने भुकटी चिकटवणारी यंत्रे बारीक मसाल्याची नासाडी कमी करतात, मात्र दमट हवेत त्यांचा गुण घटतो आणि अर्थिंगची शिस्त लागते. आपल्या आकाराच्या उद्योगाने त्यांचा विचार नंतर करावा.

विक्रेत्याकडे चाचणीला जाताना आपलाच माल आणि आपलाच मसाला न्यावा, जमल्यास पावसाळ्यात जावे. यंत्र अर्धा तास चालू द्यावे, मग दर तीस सेकंदांनी ड्रममधून माल बाहेर पडतो त्या तोंडाशी 30 ग्रॅमचा एक असे वीस नमुने घ्यावेत, प्रत्येक नमुना कुटून ठरावीक गरम पाण्यात विरघळवावा आणि सॉल्ट मीटरने किंवा सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशनने त्यातील मीठ मोजावे. आकडे मिनिटागणिक चढत-उतरत असतील तर दोष फीडरचा किंवा मालाच्या ओघाचा असतो. आकडे सारखे येऊनही एकाच नमुन्यातील एक वेफर लालभडक आणि दुसरा पांढरा दिसत असेल, तर दोष ड्रमचा असतो. शेवटी पाच पाकिटे चाळणीवर ओतून खाली पडलेली भुकटी तोलावी. ती जास्त भरली तर मसाला मालाला धरतच नाही, आणि तेव्हा यंत्राआधी तळणापासून ड्रमपर्यंतचे वेळेचे अंतर तपासावे.