रिमोट माइक आणि श्रवण-सराव: काही महिने वापरल्यानंतर

शिक्षकांच्या कॉलरला माइक आणि मुलाच्या कानात रिसीव्हर, असा हा रिमोट माइकचा संच. माइकची क्लिप तुटली, म्हणून हा रिव्ह्यू आज लिहिला जातोय. रिसीव्हर ठणठणीत आहेत, माइकचं चार्जिंग शाळा सुटेपर्यंत पुरतं, जोडणी मध्येच जात नाही. पण कॉलरला माइक धरून ठेवणारी ती एवढीशी चिमटी गेली आणि सगळा संच लंगडा झाला. चिमटी सुटी मिळत नाही, माइकची अख्खी केस बदला, असं सर्व्हिसवाल्यांचं उत्तर. दिवसातून दहा वेळा उघडझाप होणारा भागच इतका तकलादू असावा, याचा राग येतो.

क्लिपवर एवढं अडून बसायचं कारण म्हणजे या संचाचा सगळा फायदा अंतरात आहे. ऑटिझम असलेल्या अनेक किशोरवयीन मुलांची श्रवणचाचणी नॉर्मल येते. शांत खोलीत समोर बसून बोललं की त्यांना कळतं, पण पंखा, बाकांची सरकासरक, कुजबुज सुरू झाली की वाक्यातले शब्द निसटतात. त्यावर उपाय म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज ओठांजवळच पकडून थेट कानात पोचवणं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने पडतो. माइक ओठांपासून 15 सेंटीमीटरवरून 30 वर घसरला की 6 डेसिबल गेले. दोरीला लटकून 45 वर आला की साडेनऊ गेले. गोंगाट मात्र तेवढाच राहतो. वर्गात शिक्षकांचा आवाज गोंगाटाच्या 15 डेसिबल वर असावा अशी शिफारस आहे, त्यातला मोठा हिस्सा एका सैल चिमटीपायी जातो. खाली ज्या सरावाबद्दल लिहिलंय, त्यातली एक पायरी 2 डेसिबलची आहे. म्हणजे क्लिप एकदा घसरली की तीन पायऱ्यांची मेहनत पाण्यात.

माइक ओठांच्या खाली 15 ते 20 सेंटीमीटरवर, छातीच्या मधोमध हवा. एका खांद्याकडे लावला तर मान दुसरीकडे वळली की स, श, फ आधी गळतात. आयकार्डाची दोरी आणि गळ्यातली साखळी बाजूला करा. कपड्याची खरखर आपल्याला क्षुल्लक वाटते, पण ती थेट कानात जाते आणि ध्वनी-संवेदनशील मूल रिसीव्हर काढून फेकतं. मग 'त्याला मशीन आवडत नाही' असा निष्कर्ष निघतो. आधी खरखर तपासा. क्लिप गेलीच असेल तर कॉलर माइकसाठी मिळणारी चुंबकाची जोडी चालते, फक्त पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने ती लावू नये.

रिसीव्हरला मोकळा, भोकांचा डोमच (कानात बसणारी मऊ टोपी) घ्या. कान बंद झाला की स्वतःचा आवाज घुमतो आणि शेजारच्याचं बोलणं तुटतं. कळत नाही म्हणून आवाज मोठा करत जाऊ नका. आवाज तेवढाच ठेवून गोंगाट मागे ढकलणं हा या संचाचा उद्देश आहे. सवय लावताना पहिले काही दिवस घरी, एकाच कानात, दहा मिनिटं आणि मुलाच्या आवडीचं काहीतरी. काढून ठेवायची मुभा त्याच्याकडेच असू द्या. काटकसरीची एक गोष्ट: रिसीव्हरच्या 312 नंबरच्या झिंक-एअर (हवा लागल्यावर चालू होणाऱ्या) बॅटरीचा स्टिकर काढल्यावर पाच मिनिटं थांबून मगच ती बसवा. आणि स्टिकर परत चिकटवून बॅटरी वाचत नाही, ती उतरतच राहते.

साधे ब्लूटूथ इअरफोन याची जागा घेत नाहीत. त्यांत आवाज बऱ्याचदा 100 ते 200 मिलिसेकंद उशिरा येतो, आणि ओठांच्या हालचालीमागे आवाज सव्वाशे मिलिसेकंदांच्या आसपास पडला की तफावत जाणवायला लागते. जे मूल आधीच ओठ आणि आवाज यांची सांगड घालायला धडपडतंय, त्याच्यावर हा भार कशाला?

आता सरावाकडे. संचासोबत घेतलेल्या ॲपबद्दल सुरुवातीचं मत वाईट होतं, आणि ते आता अर्धंच बदललंय. ॲप गोंगाटात वाक्य ऐकवतं आणि 'ऐकलं ते म्हणून दाखवा' म्हणतं. इथेच घोळ आहे. काही मुलं अर्थ न कळता वाक्य हुबेहूब परत म्हणतात, त्यांना पूर्ण गुण मिळतात. काहींना सगळं कळलेलं असतं, पण सांगितल्याबरोबर तोंडातून शब्द फुटत नाही, त्यांना शून्य. दोन्ही आकडे खोटे. सेटिंगमध्ये खोलवर दडलेला चित्रनिवडीचा पर्याय सुरू केल्यावर ॲप कामाचं झालं. चारांपैकी एक चित्र निवडायचं असेल तर अंदाजपंचे 25 टक्के येतात, म्हणून 70 ते 80 टक्क्यांना अर्थ आहे. त्याहून चांगलं म्हणजे कृती करायला लावणं: 'निळा चौकोन लाल गोलाच्या खाली ठेव.' वाक्य झाल्यावर दहा सेकंद गप्प राहा. लगेच वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं की मुलाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

ॲपचं वार्षिक शुल्क मात्र पटत नाही, कारण त्यातली वाक्यं मराठी नाहीत आणि तेच काम ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट होतं. शांत खोलीत वाक्यं रेकॉर्ड करा. दुसऱ्या ट्रॅकवर आधी पिंक नॉइज (पावसासारखा एकसुरी खळखळाट), पुढे चार जणांचं वेगवेगळं रेकॉर्ड करून एकत्र केलेलं वाचन. ॲनालाइझ मेनूतल्या कॉन्ट्रास्टमध्ये वाक्य आणि गोंगाट यांतला फरक डेसिबलमध्ये दिसतो. मोजताना वाक्याच्या मागची-पुढची शांतता निवडू नका, नाहीतर आवाजाची सरासरी खोटी खाली येते. सुरुवात +10 वर, म्हणजे वाक्य गोंगाटाच्या 10 डेसिबल वर. वीसपैकी 16 बरोबर आले की फरक 2 डेसिबलने कमी करा, 12 च्या खाली गेले की 2 ने वाढवा, मधे असेल तर तिथेच थांबा. रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. मागचा आवाज आधी वेगळ्या पट्टीतला ठेवा, म्हणजे बाईच्या वाक्यामागे पुरुषाचं बोलणं. सारख्या पट्टीतले दोन आवाज वेगळे करणं सगळ्यात अवघड, ते शेवटी.

एकाच ध्वनीचा फरक असलेल्या शब्दांच्या जोड्या मराठीच्याच घ्या: कार-खार, पाट-पाठ, दार-धार. महाप्राणातला (ख, ठ, ध अशा अक्षरांतला) श्वास फार क्षीण असतो, गोंगाटात तो पहिला बुडतो.

दोन कानांत एकाच वेळी दोन वेगळे आकडे देणारा सराव ऑडिओलॉजिस्टच्या (श्रवणतज्ज्ञाच्या) चाचणीत एक कान मागे पडतोय असं दिसलं तरच करायचा. त्यात चांगल्या कानातला आवाज 10 ते 15 डेसिबल खाली ठेवून, मागे पडलेला कान सुधारेल तसा हळूहळू वर आणतात. एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ घ्या, सहा आणि नऊ वगळा, कारण त्यांना दोन अक्षरांचा वेळ लागतो आणि दोन्ही कानांतले शब्द जुळत नाहीत. फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत 'मोनो ऑडिओ' सुरू असेल तर दोन्ही आकडे दोन्ही कानांत जातात आणि सगळा सराव फुकट. स्पेशियल ऑडिओसारखे (आवाज चहूबाजूंनी येतोय असं भासवणारे) इफेक्टही बंद ठेवा, हेडफोनचं डावं-उजवं दर वेळी पाहा.

यालाच जोडून ऑडिटरी इंटिग्रेशन ट्रेनिंग नावाचा प्रकार विकला जातो: काही पट्ट्या गाळलेलं संगीत, रोज अर्ध्या तासाची दोन सत्रं, दहा दिवस. त्याचा वरच्या सरावाशी संबंध नाही. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2011 च्या आढाव्यात त्याच्या उपयोगाचा पुरेसा पुरावा सापडलेला नाही. त्यावर पैसे घालू नका.

सरावातली सुधारणा कधीकधी सरावाच्याच आवाजापुरती राहते, म्हणून अधूनमधून न ऐकवलेली वाक्यं आणि अनोळखी आवाज वापरून तपासा. माइक मात्र लावल्या क्षणापासून काम करतो. पैसे मोजण्याआधी चाचणीसाठी काही दिवस मागून घ्या. नेहमीच्या वर्गात, मुलाच्या रोजच्या बाकावर, वीस वाक्यं माइकशिवाय आणि तितकीच अवघड दुसरी वीस माइकसह, उत्तरं चित्रांवर बोट ठेवून. दोन्ही वेळा आकडा जवळपास सारखाच आला, तर आधी माइकची जागा आणि डोममधला मळ तपासून पुन्हा करा. तरीही फरक दिसला नाही तर संच मुदतीत परत करा.