एक इंची पाइप आणि कल्हईचं पितळ

घरी खाऱ्या पाण्याची माशांची टाकी बसवायचा बेत असेल, तर पाइप आणायला दुकानात जाण्याआधी हे वाचा. मला फसवलं ते रत्नागिरीतल्याच एका दुकानदाराने. साथ दिली ओळखीच्या मिस्त्रीने. आणि थोडी चूक माझीही, कारण काउंटरवर हात टेकवून मी "एक इंची द्या" एवढंच म्हणालो. दुकानाचं नाव लिहीत नाही. हातात पक्कं बिल नाही, ते का नाही ते पुढे येईलच.

लहानपणी शाळेची सहल इथल्या मत्स्यालयात गेली होती, तेव्हापासून डोक्यात होतं. यंदा एप्रिलमध्ये जमलं. चार फुटी टाकी, खाली कपाटात अडीच फुटी संप, म्हणजे पाणी गाळायची टाकी. वरचं पाणी दीड इंची पाइपाने खाली उतरणार, गाळून झालं की पंप ते एक इंची पाइपाने वर चढवणार. पोवळी ठेवायची नव्हतीच, ती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. पण दोन क्लाउन मासे, चार क्लीनर कोळंब्या, गोगलगायी आणि लेकीने हट्टाने आणलेले शंखातले खेकडे एवढा संसार होता. अण्णा म्हणाले, "समुद्र सायकलवर दहा मिनिटांवर, आणि हा तो दिवाणखान्यात आणतोय."

दुकानदाराने आधी मला घाबरवलं. "खारं पाणी ना दादा? मग शेड्यूल एटीच लागणार. साधा पाइप फुटेल." शेड्यूल एटी, म्हणजे ८०, हा जाड भिंतीचा पाइप. मिस्त्री शेजारी उभा राहून मान डोलावत होता. आता हिशेब मांडला की हसू येतं. पंप पाणी चढवतो पाच फूट. पाच फूट पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.१५ किलो. शेतीचा चार किलो दाबाचा करडा पाइपसुद्धा याच्या पंचवीसपट दाब सोसतो. आणि मीठ पीव्हीसीचं काही वाकडं करत नाही. म्हणजे नको ती गोष्ट माझ्या गळ्यात मारली, हे एक. पैसे तिचे घेऊन दिलं भलतंच, हे दुसरं.

दुसरं कळायला जुलै उजाडला. त्याआधी जूनमध्ये कोळंब्या मरायला लागल्या. आधी एक, मग दोन दिवसांनी दुसरी. गोगलगायी काचेवरून गळून पडायच्या आणि उलट्या होऊन तशाच राहायच्या. मासे मात्र ठणठणीत, खायला टाकलं की वर येणारे. मला वाटलं पाणी बिघडलं. बोटीवरून पाणी आणून देणाऱ्या खलाशाला मी उगाच बोललो, भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी भरलंस म्हणून. पावसात काजळी नदीचं गोडं पाणी तिथे मिसळतं, म्हणून माझा संशय. तो बिचारा आत खोल समुद्रात जाऊन भरत होता आणि तेही पाऊस लागायच्या आधी. त्याची नंतर माफी मागितली.

मग एका रात्री वीज गेली, आली, परत गेली, परत आली. आपल्याकडे जुलैत हे नवं नाही. तिसऱ्यांदा पंप सुरू झाला तेव्हा कपाटात फट् असा आवाज झाला. पंपावरचा पहिला एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, निसटला होता आणि संपातलं सगळं पाणी पंपाने हॉलभर ओतलं. टाकी वाचली, कारण वर येणाऱ्या पाइपाला पाण्याच्या पातळीलगत मी छोटं भोक पाडलं होतं. ते नसतं तर सायफन लागून टाकीतलंही निम्मंअधिक पाणी उलटं खाली आलं असतं. एवढं एक काम स्वतः केलं होतं आणि तेवढंच उपयोगी पडलं.

सकाळी निसटलेला जोड हातात घेतला. पाइपाच्या टोकावर चिकटवायच्या सोल्यूशनचा जाड पिवळट थर, बाहेरून एम-सील फासलेलं. थर नखाने टवका निघावा तसा निघाला. खरा जोड असा सुटत नाही. सोल्यूशन दोन्ही प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं, पण त्यासाठी ते एकमेकांना घट्ट भिडावे लागतात. कोरडा पाइप फिटिंगमध्ये घातला की तो तिसरा हिस्सा ते दोन तृतीयांश आत जाऊन अडायला हवा. माझा थेट तळाला जात होता, वर खुळखुळत होता.

शेजारच्या वर्कशॉपवाल्याचा व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, आणला. पाइप बाहेरून ३२ मिलिमीटर, जाडी दोनच्याही आत. फिटिंगचं तोंड ३३.४ चं. इथेच सगळी मेख आहे. आपल्याकडे दुकानात "एक इंची" म्हणून तीन वेगळ्या मापांचे पाइप मिळतात. आयएस ४९८५ या भारतीय मानकाचा पाइप मिलिमीटरमध्ये, तो ३२. शेड्यूल ४० आणि ८० हे एएसटीएम या अमेरिकी मानकाचे, दोन्ही बाहेरून ३३.४, फरक फक्त जाडीत. शेड्यूल ८० ची भिंत साडेचार मिलिमीटरची असते. आणि गरम पाण्याचा तो क्रीम रंगाचा सीपीव्हीसी, त्याचा एक इंच म्हणजे २८.६. तिघांची फिटिंग वेगळी. दुकानदाराकडे ते पाइप पडून असणार, फिटिंग दुसऱ्या मापाची, आणि समोर इंचांत बोलणारं गिऱ्हाईक. पाइपावर छपाई नव्हती. तिरप्या उजेडात धरल्यावर पुसल्याच्या खुणा दिसल्या, त्यात ३२ हा आकडा कसाबसा वाचता आला.

आता कोळंब्या. पंपाला, टाकीच्या भोकाला आणि व्हॉल्व्हला आट्यांचे जोड लागतात, त्यासाठी तीन एफटीए, म्हणजे आतून आटे असलेले जोड, दिले होते. आटे रुपेरी चकचकीत. "एसएसचे आहेत, गंजायचे नाहीत," म्हणजे स्टेनलेस स्टीलचे, म्हणून जास्त पैसे. एक खोलून ओट्यावर ठेवला होता. आई चहा गाळता गाळता म्हणाली, "हे पितळ आहे रे. कल्हई उडालीय." मी कानस घासली. दोन फटकाऱ्यांत खाली पिवळं. आतल्या बाजूला आट्यांच्या खोबणीत हिरवा थर बसला होता. आईच्या माहेरी पितळेच्या भांड्यांची कल्हई उडाली की ताक कळकायचं, त्यामुळे तिला ते लांबूनच ओळखू आलं. इथे चांदीसारखं दिसणारं होतं निकेल, पण गोष्ट तीच.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं आणि कोळंब्या, गोगलगायी, खेकडे यांना ते अगदी थोडंही सोसत नाही. माशांना मात्र अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात तांब्याचं औषधच देतात, म्हणून मासे मजेत होते. किट मागवून पाणी तपासलं, तांबं निघालं. खरं एसएस असतं तरी साध्या ३०४ प्रतीच्या स्टीलला समुद्राच्या पाण्यात गंजाचे डाग धरतातच, हे नंतर वाचलं.

दुकानात गेलो. तो शांत होता. "बिलात कुठे लिहिलंय एटी?" बिल काढलं. पाइप १ इंची, ३ नग. फिटिंग सेट. वर ठळक अक्षरात "अंदाजपत्रक", जीएसटी क्रमांक नाही, सही नाही. कर वाचतो म्हणून मीच ते हसत घेतलं होतं. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर पाठ असून उपयोग काय, दाखवणार काय? तो तीन एफटीए बदलून द्यायला तयार झाला, बदल्यात तसलेच तीन. मिस्त्रीला विचारलं, दुकानातून तुला किती? तो आधी इकडेतिकडे बघत राहिला, मग म्हणाला, "सगळेच घेतात, साहेब."

दुसऱ्यांदा सामान घेतलं ते व्हर्नियर खिशात घालून. आयएस ४९८५ चा ३२ मिलिमीटरचा करडा पाइप आणि त्याच मापाची फिटिंग. पाइपावर आयएसआय खूण, तिच्याखाली सीएमएल क्रमांक, म्हणजे कंपनीच्या परवान्याचा. तो दुकानात उभा राहूनच भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहिला. आटे प्लास्टिकचे, वर टेफ्लॉन टेप. बॉल व्हॉल्व्हचा बॉल आणि दांडीही प्लास्टिकची, खोलून दाखवायला लावला. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे खोलता येणारे जोड. बिलावर प्रत्येक वस्तूचं माप आणि मानक लिहून घेतलं. दुकानदार वैतागला, पण लिहिलं त्याने.

टाकीतलं पाणी टप्प्याटप्प्याने बदललं, संपात कार्बन टाकला. कोळंब्या परत आणलेल्या नाहीत अजून, किटवर तांबं शून्य दिसल्याशिवाय आणणार नाही. दोन खेकडे जगले. जुने पाइप अण्णांनी परसात नेले, त्यांच्यावर यंदा पडवळाचा मांडव उभा आहे.