पट्टी जाळावी की ब्लोअरने झाडावी?

नागपूर जिल्ह्यात पारशिवनी, रामटेक, उमरेड या भागात ज्यांचं वावर जंगलाला लागून आहे, त्यांना थंडी सरता सरता हा प्रश्न पडतोच. वणवा वावरात येऊ नये म्हणून जंगलाकडची पट्टी जाळून मोकळी करायची, की ब्लोअरने, म्हणजे पाठीवरच्या पाला उडवणाऱ्या मशीनने, झाडून? मी दोन्ही करून पाहिलं आहे. नांगरणं हा तिसरा उपाय, पण आमच्या मुरमाड उतारावर नांगर चालत नाही. तुमची जमीन काळी आणि सपाट असेल तर खुशाल नांगरा, बाकीचं वाचण्यात वेळ घालवू नका.

ब्लोअरचे गुण आधी. एकटा माणूस सकाळच्या गारव्यात बरीच लांब पट्टी मोकळी करतो. वाऱ्याची वाट बघायची नाही, शेजाऱ्याच्या तणसाच्या ढिगाची धास्ती नाही, माणसं गोळा करायची नाहीत. वनखातं जाळरेषांसाठी, म्हणजे आग अडवायच्या मोकळ्या पट्ट्यांसाठी, ब्लोअर वापरू लागलं ते उगाच नाही. वणवा पेटलेला असताना त्याच्या पुढ्यातला पाला उडवून वाट तोडायची तर त्याच्याइतकं चपळ दुसरं काही नाही. आवाज आणि पाठदुखी सोडली तर तक्रारीला जागा कमी. (गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतू नका, तेही वाळल्या पाल्यात उभं राहून. हे सांगावं लागतं, कारण लोक ओततात.)

माझं बिनसलं ते कुसळी गवतावरून. ब्लोअर सुटा पाला उडवतो, उभं गवत जागचं हलत नाही. विळ्याने कापलं तरी बोटभर खुंट राहतातच. त्यात आमच्याकडचं जंगल सागाचं. सागाची पानगळ एकदम होत नाही, मार्चपर्यंत रेंगाळते. ते भलंमोठं पान वाळलं की कडा आत वळतात, वारा आला की खडखडत घरंगळतं आणि नेमकं त्या खुंटांमध्ये येऊन अडकतं. एकामागे दुसरं, त्यामागे तिसरं. आठवडाभरात पट्टी पहिल्यासारखी. आमचा सालदार वैतागून म्हणायचा, "भाऊ, हे त रोजचं आंगन झाडनं झालं!" त्याला उत्तर देता येत नव्हतं.

शिवाय उडवलेला पाला जातो कुठे? पट्टीच्या कडेला, म्हणजे जंगलाच्या बाजूला त्याचा लांबलचक वरंबा तयार होतो. विखुरलेल्या पाल्यातून येणारी आग घोट्या-गुडघ्याएवढी असते, तीच या वरंब्यात शिरली की उंच उठते आणि पट्टीपलीकडे ठिणग्या फेकते. पाला आत दूरवर पसरवला पाहिजे हे सगळ्यांना माहीत असतं. दिवसभर मशीन पाठीवर वागवलेला माणूस संध्याकाळी ते करत नाही, आणि त्याला बोलणंही बरं नाही.

जाळलेल्या पट्टीचं तसं नाही. कुसळी आणि पाला दोन्ही जातात, खाली राख आणि मुरूम उरतो. नंतर पडलेल्या पानाला अडकायलाच काही नसतं. बरंचसं वाराच पुढे नेतो, उरलेल्यावर मधूनमधून खराटा फिरवला की भागतं. निदान माझ्या वावरात तरी असंच झालं. तुमच्याकडे गवत विरळ असेल तर फरक इतका जाणवणार नाही.

जाळण्याला तयारी लागते, हे खरं. आधी दोन्ही कडा मातीपर्यंत साफ, मगच मधलं पेटवायचं. सकाळी दव असतं, काडी धरत नाही. ऊन कललं की सुरू करावं, म्हणजे दिवस बुडताना गारव्याने आग आपसूक दबते. वाऱ्याच्या तोंडाकडे सरकणारी आग बुटकी आणि सुस्त असते, तिच्या बाजूने चालता येतं. वाऱ्याबरोबर सोडलेली धावते. उतारावर वरून खाली. हातात हिरव्या डहाळ्या, पाठीवर फवारणीचा पंप, धुवून पाणी भरलेला. वारा खेळकर वाटला तर घरी जायचं. अशी मनासारखी संध्याकाळ मिळता मिळता जानेवारी निघून जातो, ही जाळण्याची खरी कटकट.

आणि भीती खोटी नाही. 2022 मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात वनसेवेनेच जानेवारीत जाळलेले लाकडांचे ढीग बर्फाखालीही धुमसत राहिले आणि एप्रिलमध्ये पुन्हा पेटले. त्याच महिन्यात जवळच लावलेली दुसरी नियोजित आगही हाताबाहेर गेली होती. दोन्ही मिळून सुमारे 1,38,000 हेक्टर जळालं. गंमत म्हणजे याच वनसेवेने 1935 मध्ये प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझवायचा नियम केला होता. पुढे जंगलात जळण साचत गेलं तसा तो सोडून द्यावा लागला. आपल्याला न्यू मेक्सिकोच्या आगीतून घ्यायचं ते एवढंच की पाला विझतो, ओंडका विझत नाही. पट्टीतली मेलेली खोडं आधी ओढून बाहेर काढा, ठुंठाभोवती खरवडून माती उघडी करा आणि दुसऱ्या दिवशी राखेवर हात धरून बघा.

हे सगळं मालकीच्या जमिनीपुरतं. धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, काडी लावायची नाही, तिथली जाळरेषा वनखात्याची. राखीव जंगलाला धोका होईल अशी आग 1927 च्या वन अधिनियमाच्या कलम 26 खाली गुन्हा ठरते. बीटच्या वनरक्षकाला आधी सांगा, जमल्यास त्यालाच उभं करा. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून वनखात्याला उपग्रहाचा आगीचा इशारा आला तर तुमची पट्टी आणि वणवा यांत उपग्रहाला वरून फरक दिसणार नाही. आणि 15 फेब्रुवारीपासून आगीचा हंगाम धरतात, त्याच्या आत उरका. तोवर जमलं नाही तर त्या वर्षी जाळण्याचा नाद सोडून मुकाट ब्लोअर आणावा.

मनुष्यबळ नसेल, धुऱ्यालगत गोठा किंवा तणस असेल, किंवा सागाखाली गवतच नसेल, तर ब्लोअरवाल्यांशी मी वाद घालणार नाही. पण कुसळी कमरेएवढी असेल आणि वेळेला चार भरवशाचे गडी मिळत असतील, तर मी जाळेन. ब्लोअर लागलाच तर भाड्याचा चालतो.