अलिबाग, मुरूड की हरिहरेश्वर? आधी तिथी बघा

शनिवार-रविवार जोडून समुद्रावर जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा राहण्याच्या जागेची होते. माझा आग्रह आहे की आधी कालनिर्णय काढावं आणि त्या शनिवारची तिथी बघावी. रायगडच्या किनाऱ्यावर सकाळ कशी जाणार आणि संध्याकाळ कुठे बसून घालवणार, हे पाणी ठरवतं.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे रात्री आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि सहा तास सोडून सकाळी नऊला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे पाणी काठोकाठ, आणि पहाटे-संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास खाली गेलेलं. शुक्ल असो की कृष्ण, दोन्ही पक्षांत हिशेब तोच. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता जरूर पाहा. पण कोणत्या आठवड्याला कुठे जायचं, एवढं ठरवायला पाऊणपट पुरते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: पाणी खूप वर चढतं आणि तितकंच लांब मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी धड चढतही नाही आणि उतरतही नाही.

आता अलिबाग घ्या. मुंबईकरांसाठी सगळ्यात जवळचं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो 2020 पासून सुरू आहे. गाडीसकट तासाभरात पलीकडे. गेटवेवरून माणसांच्या बोटी आहेतच, मात्र पावसाळ्यात त्या बंद असतात. मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. इथलं खरं आकर्षण कुलाबा किल्ला. ओहोटीला समुद्र बाजूला होतो आणि तुम्ही ओल्या वाळूवरून, खडकांतून चालत किल्ल्याच्या दरवाजाशी पोचता. नको असेल तर घोडागाडी मिळते. आत गणेश पंचायतनाचं देऊळ, गोड्या पाण्याचं तळं आणि कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा दबदबा आठवायला लावणारी तटबंदी. पण हे सगळं तिथीवर अवलंबून. अष्टमीच्या शनिवारी गेलात तर ओहोटी भर बाराच्या उन्हात, आणि भांगामुळे वाट नीट उघडी पडेलच असं नाही. द्वितीया ते पंचमी हे दिवस उत्तम: उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यान येते. ओहोटीच्या तासभर आधी निघावं, पाणी फिरलं की परतावं. आम्ही एकदा देवळाच्या पायरीवर गप्पा मारत बसलो आणि परतताना पोटरीपर्यंत पाणी आलं. सोबत सहा वर्षांची मुलगी होती. तेव्हापासून मी घड्याळाचा गजर लावून किल्ल्यात शिरते.

अलिबागचा तोटा एकच, पण मोठा. शनिवार-रविवारची गर्दी. निवांतपणा हवा असेल तर गावात न राहता नागाव किंवा चौल-रेवदंड्याच्या वाड्यांत घरगुती सोय बघा. थंडीत गेलात तर पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांचा बेत, आधी सांगून ठेवा. वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला यांचा वास मडकं फुटण्याआधीच अंगणात पसरतो.

मुरूड अलिबागहून पन्नास किलोमीटर पुढे. रस्ता समुद्राच्या कडेने, वळणावळणाचा. दीड-दोन तास धरून चला. जंजिऱ्याला राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जातात, त्यामुळे कुलाब्यासारखी ओहोटीची वाट पाहावी लागत नाही. किल्ला पावसाळ्यात बंद असतो. दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही आणि होडी लाटांवर हलत असताना पायरीवर उतरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना तिथे नेऊ नका, हे मी स्पष्ट सांगते. त्यांना मुरूडच्या चौपाटीवरच बसू द्या, आणि जमलं तर पौर्णिमेचा शनिवार निवडा. संध्याकाळी ओहोटी असल्याने वाळू लांबच लांब उघडी पडते, समोर पद्मदुर्गाच्या बाजूला सूर्य बुडतो आणि त्याच वेळी मागे नारळी-पोफळीच्या वाड्यांवर चंद्र वर येतो. तिन्ही ठिकाणांत माझ्या मते ही संध्याकाळ पहिल्या नंबरची.

हरिहरेश्वर पुण्याहून ताम्हिणी घाटाने पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईहून त्याहून लांब. मुंबईकरांनी शुक्रवारी रात्रीच निघायची तयारी नसेल तर दोन दिवसांत हे उरकू नये. इथे आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर असा दर्शनाचा क्रम आहे. देवळामागची प्रदक्षिणा डोंगराला वळसा घालून समुद्रालगतच्या खडकांवरून जाते. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने त्या खडकांना मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. मुलं तिथून हलत नाहीत. पण ही प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची. भरतीत, पावसाळ्यात किंवा लाट चढलेली दिसली तर देवळातूनच नमस्कार करून मागे फिरा. इथे लाटेने माणसं ओढून नेली आहेत. स्थानिक माणूस नको म्हणाला तर तो विषय तिथेच संपला.

तारीख बदलता येत नाही आणि नेमकी अष्टमी आली, तर माझं मत दिवेआगरला. तिथे ओहोटीची वेळ गाठून बघायचं असं काही नाही. लांबलचक पुळण, पोफळीच्या सावलीतली घरं, केळीच्या पानावर मोदक आणि सोलकढी, सुवर्णगणेशाचं देऊळ. मोदकांचं मात्र आदल्या दिवशी सांगावं लागतं.

आगरदांड्याहून दिघीला गाडीसकट फेरी जाते, त्यामुळे मुरूड आणि दिवेआगर एकाच फेरीत करण्याचा मोह होतो. तीन दिवस असतील तर खुशाल करा. दोनच असतील तर रविवारची दुपार धक्क्यावरच्या रांगेत जाते. त्यापेक्षा एकाच गावात दोन रात्री राहा, आणि परतीसाठी पुणेकरांनी ताम्हिणी उजेडात ओलांडता येईल अशा बेताने जेवण उरका.