लालबागमधलं एक पोळीभाजी केंद्र आणि नववीचा रोजगाराचा धडा

इथली घडीची पोळी सकाळी साडेसातला घेतली तरी दुपारी एकच्या मधल्या सुट्टीत मऊ असते. घडीत तेल आणि पिठी दोन्ही व्यवस्थित, त्यामुळे पदर सुटतात आणि कडा कडक होत नाहीत. 10 रुपयांना एक. आसपास याहून स्वस्त पोळी मिळते, पण ती डबा उघडेपर्यंत वातड झालेली असते. भाज्या रोज दोनच, एक रस्सा आणि एक सुकी. मटकीची उसळ आणि डाळिंब्या या दोन गोष्टी तर वाकडी वाट करून जावं अशा आहेत. लालबागच्याच डंखावर कुटून आणलेला मसाला वापरतात, तो जिभेला लगेच कळतो. शनिवारी घावणे आणि शुक्रवारी सुक्या जवळ्याची चटणी असते, दोन्ही साडेनऊपर्यंत संपतात. कोशिंबिरीला मात्र पाणी सुटलेलं असतं, ती घेऊ नका.

केंद्राचं नाव मी देत नाही. चालवणाऱ्या ताईंनीच तसं सांगितलं. तव्यावर आता आणखी गिऱ्हाइकांना जागा नाही, आणि आलेल्याला परत पाठवणं त्यांना जमत नाही. करी रोड स्टेशनवरून लालबागकडे येताना एका चाळीच्या तळमजल्यावर आहे, तिथे राहणाऱ्यांना एवढ्यावरून कळेल.

मी परळच्या एका मराठी शाळेत समाजशास्त्र शिकवते. रोजगार, बेरोजगारी, स्वयंरोजगार हा भाग आला की मुलं व्याख्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. म्हणून नववीचा एक गट घेऊन मी ताईंकडे गेले. मुलांना काम एकच होतं: इथे कोण कोण काम करतं ते लिहा, आणि प्रत्येकाला पैसे कसे मिळतात ते विचारा.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ताईंच्या सासूबाईंपाशी. सत्तरीच्या आजी सकाळी साडेपाचपासून भाजी निवडतात, मटार सोलतात, लसूण सोलतात. मुलांनी विचारलं, "आजी, तुम्हाला किती मिळतात?" आजी म्हणाल्या, "मला कसले मिळतात? घरचंच आहे ना." एका मुलीने वहीत आजींच्या नावापुढे 'काम करत नाही' असं लिहिलं. मी तिला ते खोडायला लावलं. केंद्र सरकारची 'पीएलएफएस' नावाची श्रमशक्ती पाहणी 2017 पासून चालू आहे. तिच्या नियमाप्रमाणे कुटुंबाच्या धंद्यात पगार न घेता हातभार लावणारा माणूस रोजगारात धरला जातो, आणि तोही स्वयंरोजगाराच्या खात्यात. म्हणजे आजी काम करतात, आणि सरकारच्या लेखीही करतात.

त्यावर त्याच मुलीने विचारलं, "मग माझी आई? ती पण रोज भाजी निवडते, पोळ्या लाटते."

तिच्या आईचं काम या मोजणीत येत नाही. घरच्यांसाठी लाटलेली पोळी रोजगारात धरत नाहीत, विकण्यासाठी लाटलेली धरतात. पीठ तेच, लाटणं तेच, घामही तेवढाच. बाकी कसलं काम नसेल आणि ती काम शोधतही नसेल, तर तिची आई बेरोजगार सुद्धा नाही. ती श्रमशक्तीच्या बाहेर आहे, शाळेत जाणाऱ्या त्या मुलीसारखीच. मुलीला ते पटलं नाही. खरं तर मलाही पटत नाही, पण आकडा कसा बनतो ते कळल्याशिवाय त्याच्याशी भांडता येत नाही. याच सरकारने 2019 साली लोकांचा दिवस कसा जातो याची वेगळी पाहणी केली होती. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, ते काम करणाऱ्या पुरुषांची 97. ते आकडे मी तिथेच उभ्या उभ्या फळ्यावर लिहिले. फळा म्हणजे ताईंचा 'आजची भाजी'चा फळा. त्यांनी आनंदाने पुसून दिला.

आता बाकीच्यांकडे वळते. भाजी करणाऱ्या मावशी आणि वाटप बघणाऱ्या मावशी महिन्याच्या पगारावर आहेत, म्हणजे नियमित वेतनावर. पोळ्या लाटणाऱ्या तिघी नगावर काम करतात, पोळीमागे 3 रुपये. त्यातल्या दोघी उभ्याने तासाला साठेक पोळ्या काढतात. पोळ्या जास्त तर पैसे जास्त, ताप आला तर त्या दिवशी काहीच नाही. दरवाजात एक डबेवाले काका थोडे डबे उचलायला येतात. ते कोणाचे नोकर नाहीत, त्यांच्या टोळीचे भागीदार आहेत, हे ऐकून मुलं चकित झाली. 1890 पासून चालत आलेली ही व्यवस्था मालकाविना चालते. मागोमाग ॲपवरून ऑर्डर न्यायला आलेला बॅगवाला मुलगाही 'मी स्वतःचा मालक' म्हणाला, पण फेरीचे पैसे किती मिळणार ते ठरवतो फोन. हे दोघे एकाच दारात उभे दिसणं ही मुलांसाठी मोठी गोष्ट होती.

ताई स्वतः आधी घरात एकट्याच पोळ्या लाटून द्यायच्या. तेव्हा त्या स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्या स्वयंरोजगारी होत्या, आता हाताखाली माणसं आहेत म्हणून नियोक्ता झाल्या. दोन्ही स्वयंरोजगारच. 2023-24 च्या पीएलएफएसमध्ये देशातल्या काम करणाऱ्यांपैकी 58.4 टक्के स्वयंरोजगारात होते, 21.7 टक्के नियमित पगारावर आणि 19.8 टक्के रोजंदारीसारख्या कामावर. या 58.4 मधले 19.4, म्हणजे एकूण काम करणाऱ्यांपैकी 19.4 टक्के, हे आजींसारखे बिनपगारी मदतनीस.

ताईंचं मला सर्वात आवडलेलं म्हणजे त्यांनी हिशेब लपवला नाही. 10 रुपयांची पोळी कुठे जाते ते त्यांनी मुलांना सांगितलं: पीठ-तेल 2 रुपये, लाटणाऱ्या मावशीचे 3, निळ्या सिलिंडरचा गॅस 1, भाडं, वीज, कागद मिळून 2. एक मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे 2 रुपये नफा!" ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाळा, त्यात माझा पगार धरला नाहीस. मी पहाटे चारला उठते आणि रात्री नऊला उद्या किती पीठ मळायचं ते ठरवून झोपते. तुझ्या बाबांना पगार मिळतो तसा मला कोण देतं? तो याच 2 रुपयांतून काढायचा, आणि तवा मोडला तर तोही यातूनच." स्वयंरोजगारात मजुरी आणि नफा एकाच मुठीत असतात, हे मी वर्गात अनेकदा सांगितलं आहे. ताईंनी ते एका पोळीत दाखवलं.

धंद्याच्या कागदपत्रांबद्दलही त्या मोकळेपणाने बोलल्या. माणसं थोडी असल्यामुळे 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली त्यांना नोंदणी करावी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पुरते. 'उद्यम' ही लहान धंद्यांची नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, तरी एका एजंटने त्यांच्याकडून पैसे घेतले होते. मुलांनी ही गोष्ट घरी जाऊन सांगावी म्हणून मी ती त्यांच्याकडून दोनदा लिहून घेतली.

संध्याकाळी गल्ल्यावर ताईंचा पुतण्या बसतो. बी.कॉम. झालेला, त्यांच्याच घरी राहणारा, नोकरीसाठी अर्ज करतोय. तो स्वतःला बेकार म्हणतो. पण सरकारी पाहणीत आठवड्याच्या हिशेबाने, मागच्या सात दिवसांत कुठल्याही दिवशी तासभर जरी काम केलं असेल तरी माणूस रोजगारात जातो. गल्ल्यावरचे दोन तास त्याला बेरोजगारांच्या यादीतून बाहेर काढतात. शिवाय बेरोजगारीचा दर काढताना बेरोजगारांना भागतात ते श्रमशक्तीने, म्हणजे काम करणारे अधिक काम शोधणारे, सगळ्या लोकसंख्येने नाही. 2023-24 चा 3.2 टक्के हा दर वर्षभराच्या नेहमीच्या कामावरून काढलेला आहे, पण त्यातही असा बिनपगारी हातभार रोजगारातच धरतात. मुलं एवढ्या कमी आकड्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हती. तो पुतण्या समोर बसलेला असताना मला फार समजवावं लागलं नाही. आकडा खोटा नाही, पण त्याला बी.कॉम.ला साजेसं काम मिळालेलं नाही हे त्या आकड्यात दिसत नाही.

आजींची गोष्ट मी शेवटी काढायला सांगितली. त्यांचे यजमान गिरणीत होते आणि त्या स्वतः खानावळ चालवायच्या, गावाहून एकटे आलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे महिन्याने जेवत. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आजी म्हणाल्या, "पगार यांचा थांबला आणि जेवणारे माझे गेले. माणसं गावी निघून गेली, उधारी तशीच राहिली." एका गिरणीच्या भोंग्यावर नोकरदारही जगत होता आणि स्वयंरोजगारीही, दोघांचं एकदम गेलं. पुढे बऱ्याच गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत, मागाचं कौशल्य हातात असून त्याला गिऱ्हाईक उरलं नाही. संरचनात्मक बेरोजगारी हा शब्द मी त्यानंतरच उच्चारला. खानावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, हे आजींना चांगलं आठवत होतं. मुलांच्या दृष्टीने तो इतिहास होता, आजींच्या दृष्टीने कर्जाचा हप्ता.

भाजीच्या मावशी साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या. त्यांची आई 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा 1977 साली कायदा झाला, आणि तिच्या खर्चासाठी 1975 च्या कायद्याने नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. एका मुलाने दुसऱ्या दिवशी वडिलांची पगाराची पावती आणली, त्यावर 200 रुपये कापलेले होते. मुंबईतल्या पगारातून गावाकडच्या कामाची हमी, ही जोडणी त्याने स्वतः वाचून काढली. मग त्यानेच विचारलं, "बाई, मुंबईत कुणाला काम नसेल तर?" महाराष्ट्रात शहरासाठी तसा हमीचा कायदा नाही, असं मी त्याला सांगितलं.

गणपतीच्या आधी याच भागातल्या मूर्तिशाळांत रंगारी रात्र रात्र जागतात आणि विसर्जनानंतर त्यांचे हात रिकामे होतात. हंगामी बेरोजगारीसाठी शेताचं उदाहरण देण्याची लालबागच्या मुलांना गरजच नाही. ते आम्ही परतताना बाहेरूनच पाहिलं.

मी पाचपैकी चार देते. कापलेला एक कोशिंबिरीसाठी नाही. नगावर लाटणाऱ्या मावशींना पगारी सुट्टी नाही आणि आजारपणाला आधार नाही. दहापेक्षा कमी माणसं म्हणून राज्य कामगार विमा लागू होत नाही, विसाहून कमी म्हणून भविष्य निर्वाह निधी नाही. कायद्याने ताईंचं काही चुकत नाही. तरी महिन्याला दोन पगारी सुट्ट्या द्याव्यात असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं, आणि त्यासाठी पोळी 11 रुपये झाली तर मी देईन हेही. ताई म्हणाल्या, दिवाळीनंतर बघते. पोळपाटांच्या वर एक पंखा वाढवायलाही हवा, मे महिन्यात तिथे उभं राहवत नाही.

मुलांना न्यायचं असेल तर आदल्या दिवशी विचारून जा. सकाळच्या गर्दीत नको, अकरा ते बारा ही वेळ बरी, आणि सात-आठ मुलांपेक्षा जास्त नकोत. तव्याजवळ कुणाला जाऊ देत नाहीत, हट्ट करू नका. गणपतीच्या दिवसांत तर अजिबात नको. मावशींचा वेळ नगावर मोजला जातो, म्हणून प्रश्न विचारायला थांबवलंत तर तेवढ्या पोळ्यांचे पैसे त्यांच्या हातात द्या. आम्ही वर्गणी काढून दिले. सुरुवातीला त्या घेत नव्हत्या, मग ताईंनीच सांगितलं, "घ्या, तुमचं काम थांबलंय."